तुम्ही म्हणालात, काही ऐकू आलं नाही

शिरीष सर,

तुमच्या अंत्यविधीनंतर कॉफी आणि केक होता. हे तुम्हाला कळवायलाच हवं, कारण तुम्ही असतात तर या एका गोष्टीवर वर्षभर बोलला असतात. आइंडहोवनच्या त्या दाहिनीत तशी पद्धतच आहे. पेटी पडद्याआड जाते आणि शेजारच्या हॉलमध्ये पांढऱ्या कपबश्या मांडून ठेवलेल्या असतात. डच सहकाऱ्यांनी एकेक तुकडा उचलला आणि ते हळू आवाजात बोलू लागले. आपली मराठी मंडळी मात्र भिंतीला टेकून उभी. अंघोळ केल्याशिवाय तोंडात काही घालायचं कसं, आणि एवढं मांडून ठेवलेलं नाही म्हणायचं कसं? कुणी कप नुसता हातात धरून होतं. कुणी केकची बशी खिडकीत ठेवून दिली आणि ती आपली नाहीच अशा चेहऱ्याने बाहेर बघत राहिलं. शेवटी निखिलने कोंडी फोडली. ‘सरांना आवडलं असतं,’ असं म्हणून त्याने एक तुकडा घेतला. मग तेच म्हणून दुसरा.

त्याआधी त्याचं भाषण झालं होतं. इंग्रजीत, कारण समोर क्लायंट होता. सर आम्हाला वडिलांसारखे होते, सरांनी आम्हाला बोलायला शिकवलं, सरांनी आम्हाला चीन दाखवला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान हलवली. बीजिंगला तेही होते. तिथे रोज रात्री जेवताना तुमची नक्कल करून हसणारे तेच दोघे.

मी काही बोलले नाही. मी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणी मला विचारलंही नाही. आता निखिल तुमच्या आठवणींची एक पुस्तिका काढतोय. ‘एक पान दे, चांगलं चांगलं लिही,’ म्हणाला. तुम्ही कुठे जन्मलात, कुठे शिकलात, केव्हा परदेशी आलात, ते सगळं तो लिहील. त्याला येतं ते. मी हे वेगळं लिहितेय, आणि यात चांगलं किती असेल मला माहीत नाही. तुम्ही गेलात म्हणून तुम्ही एकदम वेगळे कुणी होता, असं लिहायला मला जमणार नाही.

तुम्ही आम्हाला चीन दाखवला नाहीत, सर. तुम्ही चीनला आम्हाला दाखवलंत.

शनिवारी चीनची भिंत बघायची होती. क्लायंटच्या बीजिंगच्या कारखान्यात आपलं सॉफ्टवेअर बसवून आठवडा झाला होता आणि पहिल्यांदाच सुट्टी मिळाली होती. हॉटेलसमोर मिनीबस उभी. आपण पाच जण, पाचही डोक्यांवर तुम्ही पुण्याहून मागवलेल्या केशरी टोप्या. ‘हरवायला नको कुणी,’ म्हणालात. मिस लिऊ ही आपली गाइड, जेमतेम माझ्या वयाची. तिने माइक हातात घेतला, राजघराण्याचं नाव सांगितलं, आणि तिचं दुसरं वाक्य संपायच्या आत तुम्ही सीटवरून उठलात. ‘वन मिनिट, मॅडम.’ माइक तुमच्या हातात. मग मराठीत आमच्याकडे वळून, ‘हे बघा, ही काय सांगणार ते मी आधीच सांगतो, म्हणजे नीट कळेल.’ ती बिचारी सीटची दांडी धरून उभी राहिली. भिंत येईपर्यंत तुम्ही रायगडावर होतात.

भिंतीवर पोचल्यावर तुम्ही इकडे पाहिलंत, तिकडे पाहिलंत, आणि तिला विचारलंत, ‘व्हेअर इज वॉटर?’

तिने पर्समधून स्वतःची बाटली काढून पुढे केली.

‘नो, नो. टाकी! टँक! सोल्जर ड्रिंक व्हॉट?’

सैनिक खालच्या गावातून पाणी आणत असतील, असं ती म्हणाली. तुम्ही कमरेवर हात ठेवून डोंगरावरून पार पलीकडे जाणाऱ्या त्या भिंतीकडे बघत राहिलात. मग निकाल दिलात, ‘पाण्याचं टाकं नाही, म्हणजे हा गड नाही. हे कुंपण आहे.’

‘कुंपण! सर, एक नंबर!’ निखिल एवढ्या जोरात हसला की एका जपानी बाईने आपला फोटो काढला. केशरी टोप्यांसकट.

मला तेव्हा जमिनीत शिरावंसं वाटलं. एवढं मात्र मान्य करते की प्रश्न चुकीचा नव्हता. वर उभं राहून मीही बघत होते की इतकी माणसं या उघड्या दगडावर काय पीत असतील. पण तो विचार मी मनात ठेवला. तुम्ही कुठलाच विचार मनात ठेवत नव्हतात, तुमचं मन म्हणजे जाहीर सभा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यात मुख्य महाल ऑलिम्पिकच्या रंगरंगोटीसाठी झाकलेला निघाला तेव्हा तुम्ही भर चौकात म्हणालात, ‘एवढ्या लांब आलो आणि मूर्तीला लेप चाललाय म्हणे, दर्शन बंद.’ काचेतून आत डोकावायला लोक कोपरं मारत होते, तर तुम्ही तिथे आपली रांग लावलीत आणि मागच्या चिनी म्हाताऱ्यांनाही त्या रांगेत उभं केलंत. ते राहिलेही. तुमच्या आवाजापुढे कुणाचं काही चालायचं नाही, एवढीच तुमची हुशारी, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं.

माझ्याशी तर तुमचा खास खेळ असायचा. ‘केतकीबाई, एकोणसत्तर म्हणजे किती?’ भर मीटिंगमध्ये, डच लोकांसमोर. मला मराठी आकडे पन्नासच्या पुढे इंग्रजीतून मोजावे लागतात, हे तुम्ही ओळखलं होतं. मी मनात हिशोब करेपर्यंत निखिल उत्तर देणार, आणि तुम्ही म्हणणार, ‘कॉन्व्हेंट! फाड फाड इंग्रजी येतं म्हणावं तर तेही बोलत नाही.’ मी हसायचे, कारण हसलं की लवकर संपतं.

भिंतीवरून परतताना तुम्ही पुन्हा माइक घेतलात. आम्हाला वाटलं आता रायगडाचा उत्तरार्ध. तर तुम्ही म्हणालात, ‘एक कामाचं सांगून टाकतो. इथलं संपलं की आइंडहोवनला दोघांची गरज नाही. निखिल राहील, नाहीतर केतकी. दुसऱ्याने पुणं गाठायचं. मी बघतोय हां सगळं. कोण किती बोलतं, कोण किती पुढे येतं.’

राजघराण्यांची माहिती द्यायच्या माइकवर तुम्ही हे सांगितलंत. आणि लगेच, ‘मॅडम, जेवायला व्हेज कुठे मिळेल?’

निखिलने बसमध्येच पुढे यायला सुरुवात केली. तुमच्या शेजारची सीट धरली आणि हॉटेल येईपर्यंत गडांची नावं विचारत राहिला. मी खिडकीला डोकं टेकलं. बाहेर सावरीच्या कापसासारखं काहीतरी उडत होतं. झाडांचा कापूस, त्यांच्या वसंतात उडतो म्हणे.

मला पुण्याला परत जायचं नव्हतं. हे इतकं साधं वाक्य होतं आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी बाबांनी स्थळं बघायला घेतली होती. प्रत्येक फोनवर एक नवा इंजिनिअर. आई म्हणायची, आलीस की बघू. ‘आलीस की’ हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी काही पळून आले नव्हते, कुणी माझ्याशी वाईट वागलंही नव्हतं. पण आइंडहोवनला मला पहिल्यांदा अशी एक खोली मिळाली होती जिची किल्ली फक्त माझ्याकडे होती. पहिल्यांदा असे लोक मिळाले होते जे गप्प बसलेल्या माणसाला ‘बरं नाही का?’ असं विचारत नाहीत. ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारा माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलतो आणि संध्याकाळी ‘छान दिवस होता’ म्हणून सायकलवर बसतो. तुम्हाला हे थंड वाटायचं. ‘दगड आहेत लेकाचे.’ मला तिथे श्वास घेता यायचा. आणि ते सगळं आता, कोण बसमध्ये जास्त बडबड करतं यावर ठरणार होतं.

रविवारी स्वर्गमंदिर. तिथे जे झालं ते निखिलच्या पुस्तिकेत येणार नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

तो निळ्या छपराचा गोल महाल दिसला आणि तुम्ही पायऱ्यांवर थांबलात. ‘मंदिर आहे. चपला काढा.’ मिस लिऊ म्हणाली, नको, गरज नाही. तुम्ही तिला हाताने थांबवलंत, जणू ती तिच्या देवाचा उपमर्द करत होती. आम्ही बूट काढले. संगमरवरावर पाच जोड ओळीने ठेवले आणि निखिलला राखणीला बसवलंत. वर गेल्यावर कळलं की आत कुणालाच सोडत नाहीत. दाराला कठडा आहे, बाहेरूनच बघायचं. म्हणजे शेकडो माणसं बूट घालून उभी, आणि मध्ये आपण चौघे मोज्यांवर, हात जोडून. मूर्ती नाहीच तिथे. राजा पिकासाठी प्रार्थना करायचा ती जागा. आत रिकामं सिंहासन होतं आणि तुम्ही त्या सिंहासनाला डोळे मिटून नमस्कार केलात. खाली आलो तर लोक आपल्या बुटांचे फोटो काढत होते, आणि निखिल शेजारी बसून त्यांच्यासाठी हसत होता.

मग तुम्ही उघड्यावरच्या त्या गोल वेदीवर चादर पसरलीत. जिथे राजा स्वतः गुडघे टेकायचा तिथून दोन पायऱ्या खाली. वहिनींनी न्यूनेनच्या तुमच्या घरून बांधून दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या बीजिंगच्या हॉटेलच्या फ्रीजमध्ये आठवडाभर टिकल्या होत्या, त्या उघडल्या, शेंगदाण्याची चटणी उघडली. रक्षक शिट्टी वाजवत आला. तुम्ही त्याच्याशी हिंदीत बोललात. मोठ्या आवाजात बोललं की चिनी माणसाला हिंदी कळतं, अशी तुमची समजूत होती. ‘अरे भाई, प्रसाद है, प्रसाद!’ आणि त्याच्या हातावर पुरी ठेवलीत. त्याने ती खाल्ली. मग आपल्याला हाकललं.

त्या पुऱ्या चांगल्या होत्या, हे वहिनींना सांगायचं राहून गेलं आहे.

शेवटी ती प्रतिध्वनीची भिंत. मोठं गोल अंगण आणि त्याभोवती गुळगुळीत विटांची वाटोळी भिंत. मिस लिऊने सांगितलं की एका टोकाला भिंतीकडे तोंड करून हळू बोललं तर पलीकडच्या टोकाला ऐकू जातं. अर्थात कुणीच हळू बोलत नव्हतं. भिंतीला हात लावू नये म्हणून कठडा होता, आणि त्या कठड्याला पोट टेकून दोनशे माणसं एकाच वेळी ओरडत होती. आपल्यातल्या त्या नक्कल करणाऱ्या दोघांनी ‘गणपती बाप्पा’ म्हणून हाळी दिली. पलीकडून ‘मोरया’ आलं नाही, तेव्हा पलीकडे जाऊन स्वतःच म्हणून आले.

तुम्ही माझ्याकडे वळलात. ‘केतकीबाई, तुम्ही इथे उभ्या राहा. मी पलीकडे जातो. भिंतीशी तरी बोल गं, काहीही बोल.’

‘सर, ती बोलली तर इथे भूकंप होईल,’ निखिल म्हणाला. सगळे हसले. तुम्ही सगळ्यांत मोठ्याने. आणि हसत हसत त्या गर्दीतून पलीकडे गेलात. मला फक्त केशरी टोपी दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली.

मी कठड्याशी उभी राहिले. काही बोलायचं नाही असंच ठरवलं होतं. नुसतं तोंड भिंतीकडे करून उभं राहायचं, तुम्ही परत आलात की म्हणायचं, बोलले. पण तेवढ्यात कुणीतरी कठडा ओलांडला आणि रक्षकाने एवढी कर्कश शिट्टी मारली की सगळं अंगण गप्प झालं. एखाद्या वर्गात बाई आल्यावर होतं तसं. त्या गप्पपणात मी बोलले. का, ते मला आजही सांगता येत नाही.

‘मला परत जायचं नाही. पुण्याला मला परत जायचं नाही.’ आणि मग, तोंड उघडलंच होतं म्हणून, ‘आणि सर, तुम्ही मला आवडत नाही.’

पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. तुम्ही आलात, रुमालाने मान पुसत. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत केली.

‘काही ऐकू आलं नाही,’ म्हणालात. ‘सगळे बोंबलत होते. फालतू आहे ही भिंत.’

मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी बसमध्ये झोपले. जाग आली तेव्हा माइक मिस लिऊच्या हातात होता आणि ती बोलत होती, एकटीच, अखंड. मला वाटलं तुमचा घसा बसला असेल.

परत आल्यावर नेहमीचं सुरू झालं. निखिल दर शनिवारी तुमच्याकडे न्यूनेनला, वहिनींना भाजी चिरून देणार. मी माझ्या खोलीत. तुम्ही काही ठरवलं नव्हतं, किंवा ठरवलं असलं तरी सांगत नव्हता, आणि मला विचारवत नव्हतं. मग एका रविवारी बाबांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

‘तुझ्या सरांचा फोन आला होता.’

‘कशाला?’

‘तुला परत यायचं नाही म्हणे. आम्हाला हे तिसऱ्या माणसाकडून कळावं?’ मागे आई रडत होती. ती म्हणत होती, विचारा तिला, तिथे कुणी आहे का. मी म्हणाले, नाही, तसं काही नाही, आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे कापला. पुन्हा वाजला तो घेतला नाही.

मला तेव्हाही पटकन कळलं नाही, सर. मला आधी फक्त राग आला. तुम्ही कोण माझ्या घरी फोन करणारे? नंबर ऑफिसच्या फाइलमधून घेतला असणार. अडीअडचणीला म्हणून दिलेला नंबर. हा उद्योग फक्त आपल्याच माणसाला सुचू शकतो. हेंकला, म्हणजे क्लायंटच्या मॅनेजरला, मी सांगितलं असतं की माझा टीम लीड माझ्या वडिलांना फोन करतो, तर त्याला वाटलं असतं मी शाळेत आहे.

सोमवारी संध्याकाळी मी तुम्हाला सायकलींच्या शेडमध्ये गाठलं. तुम्ही कुलपाशी झटापट करत होतात. डच कुलूप तुम्हाला कधी जमलं नाही.

‘तुम्ही माझ्या बाबांना फोन का केलात?’

तुम्ही वाकलेलेच राहिलात. ‘अगं, जबाबदारी असते. मी इथे तुझ्या वडिलांच्या जागी आहे.’

‘मला वडील आहेत. ती जागा रिकामी नाही.’

हे मी म्हणाले. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. तुम्ही सरळ उभे राहिलात. मी पुढे बोलत गेले. तुम्ही कुणालाच बोलू देत नाही, मिस लिऊला बोलू दिलं नाहीत, मला आकडे विचारून माझी जत्रा करता, आणि मग ‘मुलगी बोलत नाही’ म्हणून सगळ्यांना सांगता. तुम्ही ऐकत होतात. मग तुम्ही म्हणालात, ‘बाबा नक्की काय म्हणाले तुला?’

‘तुम्हाला काय करायचंय?’

‘त्यांनी सगळं सांगितलं नाही वाटतं,’ असं काहीतरी पुटपुटलात आणि तुमचा फोन वाजला. क्लायंट. तुम्ही हात वर केलात, ‘उद्या मास्ट्रिख्टला जातोय. आलो की बोलू. सोडू नकोस हं हा विषय.’ कुलूप तसंच टाकून फोनवर बोलत आत गेलात.

मास्ट्रिख्टच्या स्टेशनवर जिना चढताना तुम्ही खाली बसलात आणि पुन्हा उठला नाहीत. म्हणजे मी भांडले आणि तुम्ही गेलात. ज्याच्याशी भांडायचं तो मधूनच उठून गेला, यासारखा दुसरा अपमान नाही. तुमच्या सगळ्या वाईट सवयींत ही सर्वांत वाईट.

बातमी आल्यावर ऑफिसने मला घरी पाठवलं तेव्हा सायकल काढताना माझ्या लक्षात आलं. परत जायचं नाही हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणीला नाही. एका भिंतीला सांगितलं होतं. म्हणजे तुम्ही ऐकलं होतंत. आणि पहिलं ऐकलं असेल तर त्याला जोडून आलेलं दुसरंही ऐकलं असणार. मी शेडमध्ये तशीच उभी राहिले. मागून कुणीतरी डचमध्ये म्हणालं, जरा बाजूला होता का?

त्या केकच्या हॉलमध्ये वहिनी एका खुर्चीवर बसल्या होत्या. शुभदावहिनींना मी फारशी ओळखत नाही, तुमच्या घरी त्या नेहमी स्वयंपाकघरातच असायच्या. सगळे पाया पडून जात होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरून शेजारी बसवलं.

‘तू केतकी ना? तुला हे आवडत नव्हते.’

मी हात सोडवून घ्यायला गेले.

‘अगं, घाबरतेस काय? बीजिंगहून आल्या आल्या सांगितलं मला. म्हणाले, त्या मुलीने मला भिंतीतून ऐकवलं.’

‘चिडले होते?’

‘छे! जेवताना म्हणाले, मी त्या पोरीच्या जागी असतो तर मलाही मी आवडलो नसतो. मग जरा वेळाने म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे.’ त्या हसल्या, आणि हसताना त्यांना रडू आलं. मी त्यांचा हात धरून बसले.

तर तुम्ही खोटं बोललात. मला वाटायचं तुम्हाला खोटं बोलायला लागणारा एक क्षणाचा थांबाही जमत नसेल. भिंत फालतू आहे म्हणालात, आणि गुपचूप बसमध्ये चढलात. हे मला तुमच्यात कुठे ठेवू ते कळत नाही. निखिलच्या पुस्तिकेतल्या माणसात ते बसतं, म्हणून मला आणखीच राग येतो.

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला. तुम्ही गेल्याचं सांगितलं.

‘मी त्यांच्याशी नीट बोललो नाही गं,’ म्हणाले. ‘मी म्हटलं, आमची मुलगी असं काही बोललेली नाही. तर ते म्हणाले, बोलणार नाही ती. तुम्हाला विचारावं लागेल. आणि एकदा विचारलंत की तुम्ही गप्प बसा. मला राग आला. हा कोण मला गप्प बसा म्हणणारा? म्हणून तुला तेवढं सांगितलं नाही.’

गप्प बसा! तुम्ही! जन्मात एक वाक्य दुसऱ्याला पुरं करू न दिलेला माणूस माझ्या बाबांना दम देतो की गप्प बसून ऐका. ही तुमची निर्लज्ज बाजू मला कळलीच नव्हती. तुम्ही माझ्या वतीने बोललात, मला न विचारता, आणि बरोबर बोललात. यातलं कशाबद्दल आभार मानायचे आणि कशाबद्दल कधीच माफ करायचं नाही, हे मी वेगळं काढायचा प्रयत्न करतेय. निघत नाही.

‘मग?’ बाबा म्हणाले. ‘आता विचारतो. काय म्हणणं आहे तुझं?’

मी सांगितलं. मला इथे राहायचंय. कायमचं की नाही ते माहीत नाही. स्थळं आत्ता नकोत. इथे कुणी नाही, खरंच नाही, आईला सांगा. मला इथलं काम जमतं आणि मला एकटं राहता येतं, हे मला इथे येऊन कळलं. मध्ये मध्ये अडखळले. फोनवर काहीच आवाज नव्हता. मला वाटलं लाइन गेली.

‘बाबा, आहात ना?’

‘आहे. तू बोल.’

त्यांना पटलं असं नाही. शेवटी म्हणाले, ‘आईशी मी बोलतो, तू लगेच नको बोलूस.’ पण त्यांनी मध्ये एकही शब्द टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेंककडे गेले. तुमच्या जागी निर्णय आता त्याच्याकडे होता आणि निखिल आधीच त्याला भेटून गेला होता, गडांची नावं न सांगता. मी दारातूनच सांगितलं की मला इथे राहायचंय आणि काम मला निखिलपेक्षा चांगलं येतं. दुसरं वाक्य बोलायचं ठरवलं नव्हतं. हेंकने चष्मा काढला. ‘ठीक आहे,’ म्हणाला. ‘मला तसंच वाटत होतं. पण तू हे आधी का नाही सांगितलंस?’

एवढंच होतं ते. दगड आहेत लेकाचे, तुम्ही म्हणायचात. त्यांना सांगितलं की कळतं.

निखिलला इथेच हॉलंडमध्ये, रायस्वाइकला दुसरं काम मिळालं, तेव्हा त्याच्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. तो तिथेही पुढे येईल. वहिनी पुण्याला गेल्या.

मी राहतेय, सर. तुमच्यामुळे की तुम्ही असूनही, यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं. मी हरले नसते.

केतकी